तुझा जोड पक्का होता

नागपूर,
तान्हा पोळा

प्रिय बंड्या,

हस्ताक्षर पाहून दचकू नको, घरी सगळे बरे आहेत. आईचा बीपी गोळीवर ताब्यात आहे, माझं गुडघ्याचं दुखणं आहे तसंच आहे. तब्येतीचं एवढंच.

गुढीपाडव्यापासून तुझे चार फोन आले आणि मी एकही उचलला नाही. तू समजला असशील काहून ते. त्या दिवशी मी फोनवर पुन्हा ते वाक्य बोललो, ‘तुझ्या त्या डिकीच्या लाईटचंच असेल’, आणि तू गप्प झाला. मग वहिनींनी हाक मारल्याचं निमित्त करून फोन ठेवला. मला ती हाक ऐकू आली नव्हती. तेव्हापासून तुझं नाव मोबाईलवर दिसलं की हात पुढे होत नव्हता.

आजही फोन करू शकलो असतो, पण तू अर्ध्यातच ‘जाऊ दे बे, जुनं झालं’ म्हणशील आणि मला बोलू देणार नाहीस. म्हणून लिहून राहिलो.

तुझा जोड पक्का होता. रामटेकला बाबांची गाडी बंद पडली, त्यात तू डिकीत बसवलेल्या लाईटचा किंवा त्याच्या जोडाचा काडीइतकाही दोष नव्हता. आणि हे मी मोजून सांगतो आहे.

आता सगळं पहिल्यापासून ऐक. बाबा गेल्यावर गाडी दारात उभीच राहायला लागली. मी ऑफिसला मेट्रोनं जातो. गाडी निघते ती आईला मेडिकल हॉस्पिटलला न्यायचं असेल तेव्हा, नाही तर एखाद्या शनिवारी तेलंगखेडीच्या हनुमानाला. तेराव्याला तू म्हणाला होतास ना, आठवड्यातून दोनदा तरी फिरवत जा म्हणून. फिरवत होतो बे. तरीही दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारला की नुसतं टक् टक् टक्. कधी पंधरा पंधरा दिवस काहीच नाही, आणि मग अचानक सकाळी मुडदा. दार उघडलं तरी आतला दिवा पेटत नसे.

पहिला इलेक्ट्रिशियन म्हणाला, बॅटरी गेली, नागपूरच्या उन्हात दोन वर्षांच्या वर टिकतच नाही. पटलं मला. नवतपा चालू होता, पारा पंचेचाळीसच्या वर, कुलरसमोरून उठवत नव्हतं, बॅटरीचं काय घेऊन बसला. नवीन टाकली. दीड महिना गाडी सुतासारखी सरळ. मग पुन्हा तेच. दुसऱ्यानं डायनामो उतरवला, ब्रश बदलले, चार्जिंग मोजून दाखवलं, इंजिन चालू असताना चौदा व्होल्ट, अगदी व्यवस्थित. तिसऱ्यानं सेल्फ खोलला. चौथ्यानं अर्थिंगची तार बदलली. सात महिन्यांनी पुन्हा बॅटरी. ती माणसं लबाड नव्हती, हे मला आता कळतं. बॅटरी खरोखरच मेलेली असायची. पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती चार्ज घेत नाही. पण ती मरत होती, तिला मारणारं कोणी दुसरंच होतं, आणि ते कोणी शोधलं नाही. नवीन बॅटरी टाकली की महिना-दीड महिना भरल्या पोटी ती तो मार सोसायची, म्हणून सगळ्यांना वाटायचं की काम झालं.

सर्वांत वाईट दिवस जूनमधला. आईला तपासून मेडिकल चौकाजवळ आलो, तिला औषधं घ्यायची होती म्हणून गाडी बंद केली, अन् संपलं. मागून ऑटोवाले हॉर्न वाजवून राहिले, ऊन असं की बॉनेटला हात लावता येईना. आई खाली उतरली आणि पदर खोचून धक्का मारायला मागे गेली. एकाहत्तर वर्षांची बाई. दोन कॉलेजची पोरं धावून आली, त्यांनी तिला बाजूला केलं. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, ‘हे असते तर असं झालं नसतं.’ रागानं नाही म्हणाली. सहज म्हणाली. मला रात्रभर झोप नाही.

खरंच झालं नसतं. पंचवीस वर्षं कोराडीच्या पॉवर हाउसमध्ये ज्या माणसानं फॉल्ट शोधले, त्याच्या गाडीत त्याच्या पोराला एक फॉल्ट सापडत नव्हता. तुला ते सगळं शिकवलं त्यांनी. रविवारी सकाळी ओट्यावर तुम्ही दोघं टेस्ट लॅम्प घेऊन बसायचे आणि मी आत कॉमेंट्री ऐकत पडलेला असायचो. तर्री पोहे आणायला तेवढा मला पाठवायचे. तेव्हा मला तुझा हेवा वाटायचा, हे तुला कधी सांगितलं नाही. रामटेकला मी जे बोललो त्यात तो हेवा होता, लाईट निमित्त होता.

शेवटी सुगावा लागला तो बायकोला. ती कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे लिहिते, तुला माहीत आहे. गाडी बंद पडली की त्याच चौकटीत ती लहानसा ‘ग’ लिहीत गेली. जुलैच्या शेवटी दुधाचा हिशोब करता करता म्हणाली, ‘अहो, आई गाडीत बसल्या की दोन दिवसांनी ग येतो. तुम्ही एकटे गेलात की येत नाही.’ मी हसण्यावारी नेलं. आई गाडीत बसली म्हणून बॅटरी कशी उतरेल? पण सहा महिन्यांची पानं उलटून पाहिली. एक सोडला तर प्रत्येक ‘ग’च्या आधी मेडिकलची तारीख किंवा शनिवार.

त्या रात्री बाबांची पेटी उघडली. पिवळा मल्टिमीटर त्याच फडक्यात गुंडाळलेला. आतला नऊ व्होल्टचा सेल फुगून पाझरला होता, गोकुळपेठेतून नवीन आणला. मग तू जसं त्यांच्याजवळ करायचास तसं केलं. बॅटरीची मायनस तार काढली, टर्मिनल आणि तारेच्या मध्ये मीटर लावला, दहा अँपिअरवर. दाराचा खटका स्क्रू ड्रायव्हरनं दाबून लॉक केला, नाही तर आतला दिवाच मोजत बसलो असतो. आणि मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, फ्यूज उडतो, हे तुला बाबा ओरडले होते ते आतून ऐकलेलं आठवलं. बघ, पडल्या पडल्या एवढं तरी कानात शिरलं होतं.

मीटरवर ०.६५.

तुला आकडा सांगायची गरज नाही, पण मी आयुष्यात पहिल्यांदा हा हिशोब स्वतः केला म्हणून लिहितो. गाडी झोपलेली असताना पन्नास मिलिअँपिअरच्या आत पाहिजे. इथे साडेसहाशे. दिवसाला साडेपंधरा अँपिअर-अवर. आपली बॅटरी पस्तीसची. दोन दिवसांत एकतीस गेले, उरलं काय?

मग एक एक फ्यूज काढत गेलो. हेडलाईट, काही नाही. वायपर, काही नाही. पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज काढला आणि आकडा धपकन ०.०३ वर आला. टॉर्च मारून झाकणावरची खूण वाचली. आतला दिवा. तूही डिकीच्या लाईटची वायर तिथूनच घेतली होतीस.

खोटं नाही लिहिणार. त्या क्षणी मला आनंद झाला. मनात म्हटलं, सापडला बंड्या. एवढ्या वर्षांनी सापडला. तेव्हाच तुला फोन लावणार होतो, पण रात्रीचे अकरा वाजले होते.

डिकी उघडली. लाईट लागलाच नाही. बल्ब काढून पाहिला तर तार तुटलेली, काच काळी. बल्बच उडालेला, तर करंट खाणार कोण? मग वाटलं वायर कुठेतरी बॉडीला लागली असेल. रामटेकहून आल्यावर रागाच्या भरात मीच ती पक्कडीनं कापली होती, तुला माहीत आहे. ती तुटकी टोकं शोधायला डावीकडचा पुठ्ठा काढला.

टोकं नव्हतीच. वायर जोडलेली होती. सोल्डरचा डाग दिलेला, वर स्लीव्ह, वर काळी टेप, शेवटचा वेढा आतल्या बाजूला दुमडलेला. आणि जोडाशेजारी वायरवर पांढऱ्या चिकटपट्टीचं निशाण. आईच्या ड्रेसिंगला आणतो ना, ती पट्टी. त्यावर बॉलपेननं, त्यांच्या त्या उभ्या अक्षरात: ‘डिकी लाईट. तपासले. ठीक.’

मी डिकीच्या काठावर बसलो. रिमझिम चालू होती, पाठ भिजली, उठावंसं वाटेना. मी कापली, मग हैदराबादला निघून गेलो, आणि त्यांनी ती परत जोडली. त्यांनी तेव्हाच मोजून पाहिलं होतं. तुझं काम त्यांनी पास केलं होतं बे. आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. तुला बोलले होते का? हे मला विचारायचं आहे. हो असेल तर तू इतकी वर्षं ऐकून घेत राहिलास, हे मला आणखी जड जाईल, पण तरी सांग.

लाईटची वायर तशीच सोडवून पुन्हा मोजलं. ०.६५. जागचा हलला नाही. मग त्या फ्यूजवर आणखी काय आहे म्हणून डॅशबोर्डला हात लावत गेलो. पावसानं सगळी गाडी गार पडली होती. काच गार, स्टिअरिंग गार. गाण्यांच्या टेपला हात लागला आणि तो कोमट.

त्याचा डिस्प्ले तीन उन्हाळ्यांपूर्वीच गेला, काळा ठिक्कर. बंद आहे की चालू आहे, दिसतच नाही. मी सहज आवाजाचं बटण फिरवलं. रात्री साडेअकराला, किल्ली माझ्या खिशात असताना, गाडीत एफएम सुरू झाला.

तो टेप मी बसवून घेतला होता, २०११ ला, ताईच्या लग्नाच्या आधी. दुकानदाराला मीच म्हटलं होतं की किल्लीशिवाय गाणी वाजली पाहिजेत. त्यानं पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळली. पिवळी कायमच्या करंटची, लाल किल्लीची. दोन्ही एक झाल्या की टेपला गाडी बंद झाल्याचं कळतच नाही. मी एकटा असलो की बटण दाबून बंद करायचो, सवय होती. पण आईला बाबा गेल्यापासून गाडीत गाणी नको असतात. ती पुढे बसते, बाबांच्या वेळी बसायची तशीच, आणि न बोलता हात पुढे करून आवाज शून्यावर नेते. मला वाटायचं बंद केला. मी काही म्हणायचो नाही. अन् तो मुकाट्यानं रात्रभर बॅटरी पीत बसायचा.

हे आईला सांगितलं नाही. तूही सांगू नको. ती गाडीत बसायचं सोडून देईल.

आणि रामटेक. आता नीट आठव. टेप महिनाभराचा नवा होता. दोन रात्री ताईच्या सासरची पोरं मागच्या सीटवर झोपली, टेपचा निळा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून ताईनं त्यावर ओढणी टाकली आणि आवाज मी बारीक केला. बारीक, बंद नाही. तिसऱ्या सकाळी गडावर जायच्या वेळी गाडी ठप्प. ताईच्या सासऱ्यांसमोर माझी मान खाली गेली आणि मी सगळं तुझ्यावर ढकललं. ‘फ्रिजचं बटण गाडीला लावतो, असला इंजिनिअर’ हे मी म्हटलेलं मला शब्दशः आठवतं. तू एवढंच म्हणाला, ‘नंद्या, मोजल्याशिवाय बोलू नको.’ आणि नाश्ता न करता एसटीनं निघून गेला. मग पाच महिन्यांनी पोळ्याला आपण भेटलो, इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मिरवणूक पाहायला इतवारीत गेलो, तू त्या गर्दीत माझ्या खांद्यावर हात टाकून ओरडला, ‘खटारा घेऊन जा गे मारबत!’ आणि मला वाटलं, मिटलं. तू मिटवलं होतंस. मी नव्हतं मिटवलं. पाडव्याला मी पुन्हा तेच बोललो, यावरून कळतंच.

माफी मागतो, बंड्या. तुझ्या कामावर बोट ठेवलं, चारचौघात ठेवलं आणि खात्री न करता ठेवलं.

लाल वायर आता किल्लीच्या लाईनवर घेतली आहे, डाग देऊन. माझा डाग जाडा आला, बाबांसारखा नाही, पण धरून आहे. बावीस दिवस झाले. परवा मुद्दाम पाच दिवस उभी ठेवून सकाळी मोजलं, १२.६. अर्ध्या चावीत सुरू. डिकीत पाच वॉटचा नवा बल्ब टाकला. मग मोबाईल व्हिडिओवर टाकून आत ठेवला आणि डिकी लावली. व्हिडिओत दिसतं, झाकण पूर्ण टेकायच्या बोटभर आधी लाईट जातो. तुमच्या जुन्या फ्रिजचं बटण आहे ते, इतक्या वर्षांनी अजून चोख. ती क्लिप तुला पाठवणार आहे. चिकटपट्टी काढली नाही, फोटो काढायलाही हात झाला नाही. तू आलास की स्वतःच पाहा.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? लेकीला पुण्यातच ॲडमिशन मिळाली असेल तर बरं, पोरीला लांब धाडू नको. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, कळव. घराच्या हप्त्याचं तू म्हणत होतास, ते फोनवर बोलू, आता उचलीन.

आज सकाळी मारबत निघाली तेव्हा आई म्हणाली, बंडू आला नाही यंदा. दिवाळीला ये. स्टेशनवर गाडी घेऊन येतो. तुझी बॅग डिकीत मीच ठेवीन, पण झाकण तू उघड.

तुझाच,
नंदू

ता. क. बाबांचा मीटर तुझ्यासाठी काढून ठेवला आहे. आईला विचारलं. ती म्हणाली, त्याचाच आहे तो.