चि. वर्षास, केवडियाला निघण्याआधी

शिरपूर

चि. वर्षास अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की तुटला, ते मी विचारत नाही. तुझी आई म्हणते, रेंज गेली असेल. शेवटचं वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं. "दादा चालवणार असता तर नाना, तुम्ही एवढं बोलला असतात का?" बोललो असतो. जास्तच बोललो असतो. तुझा दादा तुझ्याहून वाईट गाडी चालवतो, हे त्यालाही ठाऊक आहे.

तुमचा बेत मला समजला तो असा: पहाटे तीनला इथून निघायचं, केवडियाला सरदार पटेलांचा पुतळा बघत दिवसभर फिरायचं, अंधार पडल्यावर लेझर शो बघायचा आणि रात्रीच परत यायचं. रात्रीचं येणं नको, एवढंच मी म्हणालो होतो. ते आता पुन्हा म्हणत नाही. रस्त्याचं आणि गाडीचं तेवढं लिहितो, वाचून जावईबापूंनाही दाखव.

रस्ता शहादा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा असा. आपला अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ताच तो. डेडियापाड्याच्या पुढे राजपीपळ्याचा फाटा उजव्या हाताला लागतो आणि राजपीपळ्याहून केवडिया, म्हणजे आताचं एकतानगर. इथून सव्वादोनशे किलोमीटर, थोडं इकडे-तिकडे. पाच तास धर, पोरं आणि आजी सोबत असल्यावर सहा. अक्कलकुव्याच्या पुढे सातपुड्याच्या कुशीतला चढउतार आणि वळणं सुरू होतात. मोबाईल मध्येच शूलपाणेश्वरच्या जंगलातून जवळची वाट दाखवेल. ती घेऊ नको, राजपीपळ्यावरूनच जा. जंगलात रेंज गेली की ती वाट दाखवणारा गप्प बसतो आणि पंक्चर काढणाराही मिळत नाही. डिझेल शहाद्यालाच पूर्ण भरून घे.

उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. डिझेल वाचतं म्हणून अजूनही लोक करतात. न्यूट्रलमध्ये सगळं ओझं ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात, लायनरची पकड जाते आणि ब्रेक ऑइल उकळलं तर पायडल सरळ खाली बसतं. ज्या गिअरमध्ये चढ चढलीस त्याच गिअरमध्ये उतर, फार तर एक वरचा. गाडी इंजिनवर धरलेली राहते. मधूनमधून ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही.

आता टायर. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावर हवेचे दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी एक. तुम्ही सात जण, वर तुझ्या आईच्या पिशव्या, म्हणजे भरलेल्या गाडीचा आकडा घ्यायचा. मागच्या चाकांना तो जास्त असतो. हवा सकाळी थंड टायरवर मोजायची. पन्नास किलोमीटर पळून पंपावर मोजलीस तर तापलेल्या टायरचा आकडा फुगून येतो, तिथला पोरगा हवा सोडतो, आणि मग कमी हवेवर भरलेली गाडी चालते. कमी हवेत टायरची बाजू वाकून-वाकून तापते. टायर फुटतो तो बहुतेक याच्यामुळे, खिळ्यामुळे क्वचित. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसते म्हणून त्याच्यावर जाऊ नको, रबर कडक होऊन बारीक चिरा पडलेल्या असतात. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं, मग टायर बदलायचाच. स्टेपनीतली हवाही बघ. स्टेपनी सगळे विसरतात.

चालत्या गाडीत टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारू नको. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धर, एक्सिलेटर सोड, गाडी आपोआप मंदावू दे आणि मग डावीकडे घे. चाक बदलल्यावर नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही, आणि पन्नास-साठ किलोमीटरवर पुन्हा एकदा पाना लावायचा. हे तुला येतं, मला माहीत आहे. जिनिंगमागच्या मैदानात दहावीच्या सुट्टीत जॅक लावून तू चाक काढलं होतंस आणि तुझ्या आईने मला आठवडाभर बोल लावला होता. डेपोतल्या लोकांना मी ते किती वेळा सांगितलं असेल! तुला कधी सांगितलं नाही, ते वेगळं.

रात्रीचं लिहिणार नव्हतो. पण हिशेब तेवढा करून दाखवतो, भांडण म्हणून नको वाचू.

८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. मग कोरड्या डांबरावर थांबायला आणखी ३५-४० मीटर. एकूण सत्तर. समोरून गाडी येत असताना तू लाइट डिपरवर, म्हणजे खाली पाडून, घेणार, आणि डिपरमध्ये काळी, बिनलाइटची वस्तू चाळीस-पन्नास मीटरवर दिसली तरी नशीब. उरलेले वीस मीटर कुठून आणायचे? ६० वर हाच हिशेब ४५ मीटरमध्ये बसतो. म्हणून अंधारात ६०. ड्रायव्हर कितीही चांगला असो, त्याने यात फरक पडत नाही.

आणि ही बिनलाइटची वस्तू तुमच्या रस्त्यावर डिसेंबरात हमखास असते. साखर कारखान्यांचं गाळप चालू असतं. शहादा-तळोद्याकडून उसाचे ट्रॅक्टर एकामागे दोन-दोन ट्रॉल्या लावून रात्रभर चालतात. ट्रॉलीला मागे लाल दिवा असला तरी उसाचे वाढे, म्हणजे शेंडे, लोंबून झाकला जातो, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला असतो. ऊस बाजूने आणि मागे फूट-दोन फूट बाहेर आलेला असतो, आणि तो नेमका आपल्या काचेच्या उंचीवर. ट्रॉली पंक्चर झाली की चाकापाशी दगड लावून रस्त्यातच उभी करतात, जाताना दगड तिथेच राहतात. बैलगाड्यांना तर दिवा नसतोच. कापसाच्या गाड्या त्याच तऱ्हेच्या. पुन्हा तापीच्या पट्ट्यात पहाटे धुकं. तीनला निघून तुम्ही वेळ वाचवणार नाही, तेवढाच धुक्यात आणि ट्रॉल्यांमागे घालवणार.

अशोकचं मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे.

तर बेत असा कर. सातला, उजाडल्यावर निघा. एकच्या आत पोहोचता. दुपारी धरण लांबून दिसतं ते ठिकाण, किंवा पोरांना जंगल सफारी. संध्याकाळी शो बघा, आणि रात्री तिथेच किंवा राजपीपळ्याला राहा. पुतळ्याच्या आतल्या गॅलरीचं तिकीट दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिल्या वेळेचं घ्या. अकरा-साडेअकराला निघालात की उजेडात घरी. सोमवार टाळ, त्या दिवशी बंद असतं. नाताळच्या आठवड्यातले शनिवार-रविवारही टाळ. मंगळवार-बुधवार बघ. गॅलरीचं तिकीट साध्या प्रवेशापेक्षा वेगळं असतं आणि त्याला वेळ ठरलेली असते, म्हणून घरूनच ऑनलाइन काढ. तिथे जाऊन रांगेत उभं राहून गॅलरी मिळाली नाही, असं पुष्कळांचं होतं. आपली गाडी पार्किंगलाच राहते, पुढे त्यांच्या बसने जायचं. म्हणून आजीच्या गोळ्या, पाणी आणि पिहूचा स्वेटर हातातल्या पिशवीत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत राहू दे. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात, भाजी मात्र नेऊ नका, आंबते.

आजीचं मन मोडू नका. ती कालपासून "माले बी तो पुतया दखना शे" म्हणून मागे लागली आहे. आत सरकते पट्टे आहेत, लिफ्ट आहे. चालणं तरीही पडतं, तेव्हा व्हीलचेअर विचारून घ्या, ती नको म्हणेल तरी.

ओमला सांगण्यासारखं बरंच आहे, जावईबापू सगळं मोबाईलवर वाचून दाखवतील, पण हे तू सांग. पुतळा १८२ मीटर, खालच्या बैठकीसकट २४०. गॅलरी १५३ मीटरवर, सरदारांच्या छातीपाशी. आत काँक्रीटचे दोन उभे गोल मनोरे आहेत, लिफ्ट त्यांच्यातूनच जाते. बाहेर दिसतं ते ब्राँझचं कातडं, ८५ टक्के तांबं आणि बाकी कथील, शिसं, जस्त. खरी अवघड गोष्ट पायांची. एवढा उंच पुतळा, धोतरातला, चालण्याच्या पवित्र्यात, दोन पायांत अंतर, म्हणजे खाली अरुंद आणि वर रुंद. नदीच्या पात्रातून वारा येतो तेव्हा असं काही डोलायला लागतं. त्यासाठी आत अडीचशे-अडीचशे टनांची दोन वजनं लावली आहेत. पुतळा एका बाजूला झुकू लागला की ती उलट्या बाजूला जातात आणि झोका कमी करतात. गाडीचा शॉकअब करतो तेच काम. हे त्याला आवडेल, त्याचं डोकं माझ्यावर गेलंय.

आणि तो पुतळा घडवणारे राम सुतार आपल्या धुळ्याजवळच्या गोंदूरचे. १९२५ चा जन्म. गोंदूरहून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, १९५३ ला तिथलं सुवर्णपदक घेतलं, मग अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम केलं. २०१८ च्या ३१ ऑक्टोबरला पुतळ्याचं उद्घाटन झालं तेव्हा त्यांचं वय त्र्याण्णव. गुजरातेत जाऊन जगातला सगळ्यात उंच पुतळा बघायचा आणि तो खानदेशी हाताचा आहे हे पोरांना माहीत नसावं, हे मला चालणार नाही.

दुसरंही सांग. पुतळ्यासमोर सव्वातीन किलोमीटरवर सरदार सरोवर धरण आहे. त्याच्या मागे जे पाणी तटलं आहे त्याच्याखाली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं आली. पहिलं मणिबेली. त्या माणसांना तळोदा-शहाद्याकडे वसवलं. तुम्ही जाताना त्या वसाहतींच्या जवळूनच जाल. गॅलरीतून पाणी फार सुंदर दिसतं, फोटो काढा, पण ओमला हेही कळू दे. तो आठवीत आहे, एवढं समजतं त्याला.

फार लांबलं. तू म्हणशील, नानांनी पुन्हा वर्ग भरवला. माफ कर, वर्कशॉपची सवय. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. कसाऱ्याचा घाट तू पावसात ज्या तऱ्हेने उतरवतेस ते जावईबापूंनी मला दोनदा सांगितलं आहे, आणि दोन्ही वेळा मी "हं" म्हणून विषय बदलला कारण घशात काहीतरी आलं होतं. भीती तुझ्या हाताची नाही. समोर उभ्या ट्रॉलीची आहे, जी तुझी चूक नसताना उभी असते. मागची सीट भरली की गाडीचं नाक वर होतं आणि डिपर वर फेकला जातो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला जवळचं दिसत नाही. डॅशबोर्डवर ० ते ३ चं छोटं चाक आहे, ते २ वर कर. म्हणजे कधी अंधार पडलाच तर. पडू देऊ नको.

जांभई आली, त्याच ओळी पुन्हा दिसू लागल्या, मागचे दोन किलोमीटर आठवेनात, तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून झोप जात नाही. पंपावर गाडी लाव, वीस मिनिटं डोळे मीट, मग चहा. आजी बडबडली तरी मीट. दर दोन तासांनी जावईबापूंना चालवायला द्यायचं, त्यात कमीपणा नाही.

सुभाषमामा येणार असेल तर त्याची पिशवी सागबाऱ्याच्या आधी बघून घे. गुजरातेत दारूबंदी आहे, नाक्यावर तपासतात, आणि गाडी तुझ्या नावावर आहे. पीयूसी, इन्शुरन्स आणि लायसन मोबाईलमध्ये आहेच, तरी कागदं डब्यात ठेव.

मी येत नाही. सातजणांच्या गाडीत आठवा कुठे बसवणार, आणि कापसाचा दुसरा वेचा निघायचा आहे. पोहोचल्यावर फोन कर, निघताना कर. मध्ये मी करणार नाही, चालवताना उचलशील म्हणून.

राजपीपळ्याच्या खोल्यांचे पैसे मी देतो. नाही म्हणू नको, आणि जावईबापूंना सांगू नको.

तुझे
नाना

ता.क. आजीला मधल्या सीटवर डाव्या खिडकीशी बसव. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास, नुसत्या चहावर नाही, थोडं खाऊन. पिहूलाही घाटात तेच होतं, पण तिची गोळी वेगळी, डॉक्टरांना विचार.