जुन्या ढाक्यातील रसायनांची गोदामे आधी हलवा

महोदय,

जुन्या ढाक्याच्या जतनाची चर्चा इमारतींपुरतीच राहते, याचे वाईट वाटते. शांखारी बाजारात शंखाच्या बांगड्या घडवणाऱ्या कारागिरांची घरे रस्त्याच्या बाजूने अगदी चिंचोळी, पण आत लांबवर गेलेली आहेत. पुढे दुकान आणि मागे व वर बिऱ्हाड ही सांगड तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकली असून ती जपायलाच हवी. मात्र राहत्या घरांखाली ज्वालाग्राही रसायने साठवणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. जून २०१० मध्ये निमतली येथील आगीत शंभराहून अधिक माणसे होरपळून मेली, तेव्हा गोदामे हलवण्याचे आश्वासन दिले गेले. तरीही फेब्रुवारी २०१९ मध्ये चौकबाजारातील चुडीहट्टा भागात पुन्हा ७० च्या आसपास जीव गेले. तिथल्या एका इमारतीत सुगंधी फवाऱ्यांच्या डब्यांचा मोठा साठा होता आणि गल्ल्या इतक्या अरुंद, की अग्निशमन दलाला आत शिरणेच जिकिरीचे झाले. बिऱ्हाडापेक्षा गोदामाचे भाडे जास्त मिळते, हे यामागचे खरे कारण आहे. त्यामुळे केवळ धाडी घालून भागणार नाही. व्यापाऱ्यांना शहराबाहेर तयार जागा द्यावी आणि त्यानंतर निवासी इमारतींतील साठ्याचा एकही परवाना नूतनीकृत करू नये.

– एक वाचक, ठाणे