मिशी ताणू नका, कुर्ता कापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत एका संध्याकाळी ‘सर्वांसाठी चित्रपट’ असतोच, आणि हृषीकेश मुखर्जींचा ‘गोलमाल’ (१९७९ चा, २००६ चा वेगळा) त्यात हमखास येतो. निवड उत्तम. दाखवण्याची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी चुकते.

मूळ भानगड चौकटीची आहे. सिनेमास्कोप (खूप रुंद पडद्याचे) नसलेल्या त्या काळच्या बहुतेक हिंदी चित्रपटांची चौकट, म्हणजे रुंदी आणि उंचीचं प्रमाण, साधारण ४:३ चं. आजचे टीव्ही आणि प्रोजेक्टर १६:९ चे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की कुणीतरी ‘पडदा वाया जातोय’ म्हणून रिमोट हातात घेतो. चित्र आडवं ताणलं तर माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. किडकिडीत अमोल पालेकर गरगरीत दिसतात आणि ज्या मिशीवर अख्खी गोष्ट उभी आहे ती गालभर पसरते. ‘झूम’ केलं तर वरून-खालून मिळून पाव चित्र जातं, ते त्याहून वाईट. नोकरीच्या मुलाखतीला रामप्रसाद (पालेकर) उसना, आखूड कुर्ता घालून जातो आणि तो आखूडपणा काटकसर म्हणून मालक भवानी शंकरांच्या (उत्पल दत्त) गळी उतरवतो. कुर्त्याची खालची कडच चौकटीबाहेर गेली, तर नंतरच्या सगळ्या संवादाला लोक का हसावेत?

मेनूमध्ये ‘पिक्चर साइझ’ ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. टीव्ही असेल तर ‘मोशन स्मूदिंग’ही बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. आधी दहा मिनिटं प्रत तपासा. भिंतीवरचं घड्याळ, ताटली, गाडीचं चाक अंड्यासारखं दिसलं तर प्रतच ताणलेली आहे. ती ४:३ वर टाकली की सरळ होते. पण श्रेयनामावलीतली नावं कडेला तुटत असतील किंवा जवळच्या दृश्यांत कपाळं उडत असतील, तर छाटणी प्रतीतच झालेली आहे. त्यावर कुठल्याच बटणाचा इलाज नाही, दुसरी प्रत शोधावी.

पडदा बांधणाऱ्यांसाठी एक युक्ती. ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच पडद्यावर ४:३ चं चित्र जेमतेम ६ फूट रुंद येतं. त्याऐवजी ८ बाय ६ चं पांढरं कापड ताणून बांधा आणि प्रोजेक्टर इतका मागे घ्या की उंची बरोबर ६ फूट भरेल. प्रोजेक्टरची पूर्ण चौकट तेव्हा १० फूट ८ इंच रुंद होते, पण कापडाबाहेर दोन्हीकडे सांडणारे सव्वा-सव्वा फुटांहून जरा मोठे पट्टे काळेच असतात. मागे काळं कापड लावलं की ते दिसतही नाहीत.

आता आवाज. हा चित्रपट हाणामारीच्या विनोदाचा नाही, बोलण्याचा आहे. राही मासूम रझांचे संवाद आणि उत्पल दत्त यांचा ताणलेला ‘अच्छा’ शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ गेला पाहिजे. आरती आणि घोषणांसाठी मिक्सरवर लावलेला ‘इको’ साउंडवाले हमखास तसाच सोडतात. तो शून्यावर आणायला सांगा, बेसही उतरवा. मधल्या रांगांत आवाज पोकळ आणि माणसं पुटपुटल्यासारखी ऐकू येत असतील, तर एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्यात का ते आधी पाहा. जुना मोनो आवाज दोन्ही स्पीकरवर सारखाच असतो, त्यामुळे एकाची जोडणी उलटी झाली की मधल्या रांगांत दोघे एकमेकांना खातात. आणि पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला जादा स्पीकर लावू नका. ३४ मीटरला आवाज सुमारे एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे मागच्यांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं.

काही प्रती टीव्हीसाठी सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रांच्या वेगाने काढलेल्या असतात. त्या चार टक्के जलद धावतात. ‘आनेवाला पल’मधला किशोरकुमारांचा आवाज जरा पातळ वाटला तर हे कारण समजावं.

परवानगीचं तेवढं विसरू नये. घरच्या ॲपची वर्गणी घरापुरतीच असते. मांडवात दाखवायचं तर हक्कधारकाची लेखी संमती लागते. लाऊडस्पीकरची मुदत एरवी रात्री दहाची, बारापर्यंतची सवलत ठरावीक दिवसांनाच. चित्रपट दोन तासांहून मोठा आहे. आरती आटोपून आठला सुरू केलात तर लक्ष्मणप्रसादचं, म्हणजे रामप्रसादने रचलेल्या बिनमिशीच्या जुळ्या भावाचं, बिंग फुटायच्या सुमारास आवाज बंद करावा लागेल. त्या दिवशी आरती साडेसहाला घ्या.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई