काकू, फरशीवरच्या रेघा अजून पुसलेल्या नाहीत

काकू, नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘राहू दे रे’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं उघड पत्र. आज सकाळी वेलावरून बारा शेंगा तोडल्या. बाराच. पण परवाही तोडल्या होत्या आणि उद्या पुन्हा तोडायच्या आहेत.

दोन वर्षं मी शेंगांच्या नावाखाली नुसता पाला वाढवला. पहिल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात पावटा लावला. बी विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता, ‘काहीही न्या, शेंगा कुठेही येतात.’ वेल छताला लागला, फूल एक नाही. मी वर युरिया टाकला, तर पाला आणखी माजला! पावट्याच्या जुन्या वाणांना दिवस लहान झाल्याशिवाय फूल धरत नाही, हे तुमच्याकडून कळेपर्यंत वेल उपटून झाला होता. दुसऱ्या वर्षी बुटका घेवडा. सहा रोपांतली चार सावलीत खुरटली आणि उरलेल्या दोघांचं सगळं पंधरा दिवसांत आटोपलं. एका जाणकाराला फोटो दाखवला, तर म्हणे, ‘तुमच्या हाताला गुण नाही.’

तुम्ही माझा हात नाही, गॅलरीतली फरशी बघत बसलात. सकाळी नऊला नातीच्या पाटीवरचा खडू घेऊन आलात आणि ऊन संपत होतं तिथे रेघ मारलीत. बाराला पुन्हा जिना चढलात. तीनला पुन्हा, गुडघ्यावर हात टेकत, कठडा धरून. तिसरी रेघ मारून तिथेच खाली बसलात आणि वितीने मोजून दाखवलंत: दिवसभर ऊन टिकतं ती एवढीच, भिंतीलगतची दीड वीत पट्टी. ‘तुझ्याकडे जागा आडवी नाही, उभी आहे,’ म्हणालात. मग विचारलंत, ‘एकदम टोपलीभर हवंय, की थोडं थोडं?’

हे मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. उत्तर दिलं आणि निवडायला काही उरलंच नाही: वेलाचा घेवडा. बुटक्यापेक्षा तो आठ-पंधरा दिवस उशिरा सुरू होतो, पण तोडत राहिलं की महिना-दीड महिना देत राहतो. मोठं अंगण असतं, शेंगा एकदम साठवायच्या असत्या, तर तुम्हीच बुटका लाव म्हणाला असतात.

(एक सांगायचं राहिलं. मी शेंडा दोरीला गुंडाळायचो आणि तो रात्रीत सुटायचा. वरून बघितलं तर घेवडा घड्याळाच्या उलट दिशेनेच चढतो. हा शोध मात्र माझा!)

सल्ला काय, कोणीही देतं. त्यासाठी दुसऱ्याचा जिना तीनदा चढणारी माणसं किती? तुम्हाला त्यातून मिळणार काय होतं, तर दोन महिन्यांनी मूठभर शेंगा, त्याही आल्या तर. तरी चढलात, आणि ‘तुला एवढंही कळत नाही?’ हा चेहरा एकदाही केला नाहीत. माझ्या ओळखीतल्या भल्या हुशार लोकांना ते जमलेलं नाही.

वरच्या चार शेंगा बियाण्याला ठेवल्यात. घेवडा बहुतेक आपल्याच परागाने फळतो, तेव्हा पुढेही वाण हाच राहील. शेंगा खडखडीत वाळल्या की निम्मं बी तुमचं.

आणि काकू, ऊन आता सरकायला लागलंय, तुमच्या रेघा चुकायला लागल्यात. नव्या मी मारतो. तुम्ही खालूनच हाक मारून वेळ सांगा.