अन्न सोडलेल्या फायटर माशाविषयी मित्रास पत्र

टिळकवाडी, बेळगाव
६ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर बोलत असतानाच खानापूरची रेंज गेली आणि बोलणे अर्धवट राहिले. पण तुझ्या लेकीचा फायटर मासा चार दिवसांपासून दाण्याला तोंड लावत नाही, आणि त्याच्यापायी तीही ताटावरून अर्धपोटी उठते, एवढे समजले. या गोष्टी फोनवर घाईने सांगण्यासारख्या नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिली विनंती अशी, की त्याला नवनवे खाणे दाखवणे आजपासून थांबव. धडधाकट फायटर आठवडाभर अन्नावाचून तग धरतो. पाण्यात कुजणाऱ्या दाण्यांपुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या लाल फायटरने खाणे सोडले, तेव्हा तो दाण्यांना कंटाळला असेल असे समजून मी वाळवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, आणले, मग दुसरे दाणे आणले, आणि एके दिवशी उकडलेल्या अंड्याचा बलकही टाकून पाहिला. त्याने न खाल्लेले सारे तळाच्या खड्यांत मुरत गेले. पाणी गढुळले तेव्हा मी बरणी, खडे, रोप सगळे नळाखाली घासून धुतले आणि नळाचेच ताजे पाणी भरून त्याला त्यात सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळाशी आडवा पडलेला होता. त्याची भूक का गेली, हे मी एकदाही पाण्यात हात घालून पाहिले नव्हते, याचे दुःख मला अजून आहे.

तुझ्याकडचे कारण मला बहुधा थंडीतच दिसते. हा मासा मूळचा थायलंडकडचा. उथळ, संथ, उबदार पाण्यात आणि तिथल्या भातखाचरांत राहणारा. आपल्या खाचरांवर या दिवसांत पहाटे धुके असते, तसल्या गारठ्याची त्याला सवय नाही. त्याला २५ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढे गरम, तेवढेच त्याचे अंग. पाणी गार पडले की पचन मंदावते, आणि आधीचा दाणाच जिरला नसेल तर पुढच्याची वासना कुठून होणार? मागच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला मी खिडकीपाशी ठेवलेल्या बरणीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला, तर १८ अंश भरले. तुमचे घर कौलारू, भोवती झाडी, आणि लेकीने बरणी ठेवली आहे ती खिडकीच्या कट्ट्यावर. तिथे याहून गार असेल.

तेव्हा बरणी आधी खिडकीतून हलवा. जमल्यास १५ ते २० लिटरची टाकी घेऊन त्यात २५ वॅटचा, तापमान राखणारा हीटर लावा. पाणी एकदम तापवू नका आणि गरम पाणी तर मुळीच ओतू नका. दिवसभरात हळूहळू ऊब चढू द्या. वीज गेली तर टाकीभोवती घोंगडी गुंडाळा, पण वर हवेला वाट ठेवा. हा मासा कल्ल्यांबरोबरच डोक्यातल्या एका खास अवयवाने वरची हवाही घेतो, म्हणून झाकण आणि पाणी यांत चार बोटांचे अंतर हवे.

पाण्याविषयीही थोडे लिहितो. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. खडे, फिल्टर आणि काचेवर वाढणारे सूक्ष्मजंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक असे नायट्रेट करतात. मी सगळे घासून धुतले तेव्हा ते जंतूच धुऊन टाकले होते. म्हणून एका वेळी चौथा भाग पाणीच बदला, आणि नवे पाणी आतल्या पाण्याइतकेच कोमट असू द्या. तुमच्या आडाच्या पाण्यात नळाच्या पाण्यातले, माशाला घातक असे क्लोरीन नसते हे चांगले; पण पंचायतीने ब्लिचिंग पावडर टाकलेली असेल, तर ते पाणी वापरण्यापूर्वी क्लोरीन मारणारे औषध घाला.

पोट फुगून तो कलता पोहत असेल तर बहुधा बद्धकोष्ठ असते. दोन-तीन दिवसांचा उपास पुरतो. खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले, किंवा टॉर्चच्या उजेडात अंगावर सोनेरी भुकटी अथवा मिठासारखे पांढरे ठिपके दिसले, तर मात्र मला त्याच दिवशी कळव. पाण्यावर फेसाचे घरटे असेल तर घाबरू नकोस. ते नराचे नेहमीचे काम आहे. काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहून तो दिवसभर कल्ले फुलवत असेल, तर त्या बाजूला कागद लाव. दमलेला मासा खात नाही.

पाणी उबदार झाल्यावर दोन दिवसांनी एकच दाणा भिजवून टाक. दोन मिनिटांत त्याने उचलला नाही, तर गाळणीने काढून घे. फायटर मांसाहारी आहे, त्यामुळे भात आणि पोळीचे तुकडे लेकीला टाकू देऊ नकोस. त्याचे पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढे असते, असे तिला सांग; दोन-तीन दाणे का पुरतात, ते तिला पटेल.

येत्या रविवारी सकाळच्या बसने मी येतो. माझ्याकडचा जादा हीटर आणि थर्मामीटर आणतो. तोवर रोज पहाटे आणि दुपारी पाण्याला हात लावून तुला काय जाणवते, ते लेकीकडून वहीत लिहून घे.

वहिनींना नमस्कार, लेकीला अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र