मोडतोड नव्हे, खटपट

महोदय,
कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ, म्हणजे चित्रपटाच्या कॅमेऱ्याचं स्मारक, आपण रोज ओलांडतो. पण 1918 साली चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच, सहकाऱ्यांना हाताशी धरून स्वतः चित्रपटाचा कॅमेरा बनवला, हे किती घरांत मुलांना सांगितलं जातं? परवा माझा नातू खेळण्यातल्या गाडीच्या मोटारीवर पुठ्ठ्याचा आकाशपाळणा फिरवत होता. चार वेळा पट्टा निसटला. पाचव्यांदा त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली. नेमका तेव्हाच मी "अभ्यास कर" म्हणून ओरडलो. अजून रुखरुख वाटते. शाळांनी आठवड्यातला एक तास तरी अशा खटपटीला द्यावा. मोठ्यांचंही तेच. शेजारच्या काकूंनी साठीनंतर रंगपेटी घेतली, तर "आता कशाला?" म्हणणारेच जास्त. सुनेनं मात्र दोन ब्रश आणून दिले.

– एक आजोबा, मंगळवार पेठ, कोल्हापूर