ताई, लागणीच्या तारखा जुळल्या

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या ऊस लागणीच्या नोंदी तुम्ही नीट करून दिल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. करवीर तालुक्यातल्या इतर ऊसवाल्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून उघडच लिहितोय.

कारखान्याची तोड लागणीच्या तारखेप्रमाणं येते. आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेला ऊस सोळा-अठरा महिन्यांत तयार होतो. कागदावर तारीख पुढं सरकली की तोड लांबते, उसाला तुरा येतो, वजन घटतं आणि रानही वेळेत मोकळं होत नाही. आमच्या यादीत २०२३ ची आडसाली लागण चक्क डिसेंबरात दिसत होती. शेतकऱ्यांनीच चुकीचं सांगितलं, असं सगळे धरून चालले होते.

तुम्ही आधी एक्सेलमधला तारखांचा रकाना पाहिलात. काही तारखा डावीकडं, काही उजवीकडं; एक्सेल मजकूर डावीकडं ठेवतं, तारीख उजवीकडं. ज्या कॉम्प्युटरवर नोंदी भरल्या, त्याचं सेटिंग अमेरिकन होतं; तिथं महिना आधी, दिवस नंतर. म्हणून १२/०७/२०२३ हे १२ जुलैऐवजी ७ डिसेंबर झालं. २५/०७/२०२३ ला मात्र पंचविसावा महिनाच नाही, म्हणून एक्सेलनं ते नुसता मजकूर म्हणून सोडून दिलं. शेतकरी खरं बोलत होते, हे तुमच्यामुळं सिद्ध झालं. आमच्यासाठी हे फार मोठं आहे.

मूळ रकान्याला हात न लावता तुम्ही शेजारी नवा केलात: २०२३-०७-१२, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या १९८८ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकातली ही पद्धत. अशा तारखा मजकूर म्हणून लावल्या तरी क्रमानंच लागतात.

खरी अडचण वेगवेगळ्या ठिकाणी भरून एकत्र केलेल्या यादीत होती. ०८/०७ म्हणजे ८ जुलै की ७ ऑगस्ट? दोन्ही आडसालीतच बसतात. घाई सगळ्यांनाच होती, पण तुम्ही अंदाजानं एकही ओळ भरू दिली नाहीत. त्या ओळी पिवळ्या करून म्हणालात, ज्याचं रान त्याला विचारा. एका आजींना तारीख आठवत नव्हती, पण अधिक महिना लागायच्या आधीच लागण झाली, हे पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षी अधिक श्रावण १८ जुलैला लागला. म्हणजे ८ जुलैच. त्यांच्या उसाचा नंबर महिनाभर मागं पडायचा राहिला, तो तुमच्या या आग्रहामुळं.

खोडव्याची, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाची यादी आता तुमच्याच पद्धतीनं करतोय. पिवळ्या ओळी विचारून झाल्या की दाखवायला घेऊन येतो.